नऊ महिन्यांत एक अपग्रेड व्याजात गेलं

चिंचवडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: आठ वर्षं जुना गेमिंग पीसी अपग्रेड करू की नवाच घेऊ?

वय ३२, हातात येणारा पगार ६२ हजार, घरी पत्नी आणि वर्षाची मुलगी. पीसी २०१८ साली लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून स्वतः जोडलेला: रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड (६ जीबी), आठ जीबीची एकच रॅम, एक टीबी हार्ड डिस्क. आता सुरू व्हायला तीन मिनिटं घेतो आणि नव्या गेममध्ये अडखळतो. दुकानदाराने दोन कोटेशन दिली आहेत. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी, हे सगळं बदलायचे ५२ हजार, किंवा अख्खा नवा पीसी १ लाख ३५ हजार, क्रेडिट कार्डवर बारा महिने 'नो कॉस्ट ईएमआय'. वाचकाने ४० हजार बाजूला काढून ठेवले आहेत. पुढे सहज लिहिल्यासारखी दोन वाक्यं आहेत. ती जशीच्या तशी देतो.

'कार्डाचे १ लाख ४० हजार बाकी आहेत, पण मी नियमित भरतो, मिनिमम ड्यू एकदाही चुकलेला नाही. शिवाय पुढच्या वर्षी पॉलिसीचे तीन लाख येतील, त्यातून सगळंच फिटेल.'

पत्र मी दोनदा वाचलं. पीसीचं उत्तर देतो, पण शेवटी. आधी या दोन वाक्यांचा निकाल लावू.

तुमच्या स्टेटमेंटवर व्याजदर महिना ३.५ टक्के आहे. १ लाख ४० हजारांवर ३.५ टक्के म्हणजे ४,९००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, साधारण ८८०. झाले ५,८००. तुम्ही भरता मिनिमम ड्यू, म्हणजे बाकीच्या ५ टक्के, ७,०००. मुद्दलातून गेले किती? बाराशे रुपये. याला तुम्ही 'नियमित भरतो' म्हणता. बँक तुमच्यावर खूश असेल, यात शंका नाही.

मुलीचं बारसं आणि उन्हाळ्यातला एसी यांसाठी गेल्या एप्रिलमध्ये कार्डावर दीड लाख चढले होते. तेव्हापासून नऊ महिने सात-साडेसात हजार भरलेत, म्हणजे ६५ हजारांच्या आसपास. बाकी उतरली दहा हजारांनी. उरलेले ५५ हजार व्याज आणि जीएसटीत गेले. अपग्रेडचं कोटेशन ५२ हजारांचं आहे. तो पीसी तुम्ही विकत घेऊन झाला आहे, फक्त तो बँकेने नेला. याच चालीने मिनिमम भरत राहिलात तर बाकी निम्मी व्हायलाच साडेसहा वर्षं लागतील. फक्त किमान रक्कम भरली तर परतफेड वर्षानुवर्षं लांबेल, असा इशारा स्टेटमेंटवर छापणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलेलं आहे. तुमच्या पीडीएफच्या दुसऱ्या पानावर तळाशी बघा, बारीक टायपात असेल.

आता ते ४० हजार. बचत खात्यावर त्यांना अडीच टक्के व्याज मिळतंय. त्याच बँकेला तुम्ही वर्षाला ४२ टक्के देताय, जीएसटी धरला तर ४९. हे पैसे पीसीसाठी राखून ठेवले आहेत असं तुम्हाला वाटतं, पण राखून ठेवल्यामुळे त्यांचे दर महिन्याला साडेसोळाशे रुपये जातात. ते आजच कार्डावर भरा. हे पूर्ण वाचून होईपर्यंतही थांबू नका.

बाकी उरली एक लाख. त्यासाठी पॉलिसीकडे वळू.

तुम्ही पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो जोडलात, त्याबद्दल आभार. बहुतेक लोक फक्त 'एक चांगली पॉलिसी आहे' इतकंच लिहितात. मार्च २०२२ मध्ये बँकेतल्या ओळखीच्या मॅडमनी दिलेली. मार्च महिना, टॅक्सची घाई, 'एफडीसारखंच आहे, पाच वर्षांनी पैसे काढता येतात'. फोटोत मात्र वेगळंच दिसतं. मुदत २० वर्षं. हप्ता वर्षाला ६० हजार, बारा वर्षं. शेवटी हमीचे १३ लाख. विमा छत्र सहा लाख. पाच वर्षांनी 'पैसे काढता येतात' हे खोटं नाही, कारण पॉलिसी सरेंडर, म्हणजे मुदतीआधीच बंद, करता येते. पण पाच वर्षांत भरलेले तीन लाख परत मिळतील, हे त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. या टप्प्यावर भरलेल्या हप्त्यांच्या निम्म्याच्या आसपास हातात येतं. चार हप्ते गेलेत, २ लाख ४० हजार, तेव्हा १ लाख २० हजार धरून चाला आणि नेमका आकडा कंपनीकडून ईमेलवर मागवा.

१३ लाख म्हणजे किती परतावा? वर्षाला जेमतेम चार टक्के. हेच साठ हजार बारा वर्षं पीपीएफमध्ये टाकले आणि विसाव्या वर्षापर्यंत तसेच ठेवले, तर आजच्या ७.१ टक्क्यांनी २० लाख होतात. सात लाखांचा फरक. आणि सहा लाखांचं छत्र म्हणजे तुमचा दहा महिन्यांचाही पगार नाही. वर्षाच्या मुलीच्या बापाला हे विकताना कोणाला काही वाटलं नाही, याचं मला आता आश्चर्यही वाटेनासं झालं आहे.

पण हिशोब सरळ करू. झालेलं नुकसान झालं. आता प्रश्न पुढचा: आज १ लाख २० हजार घ्यायचे, की अजून आठ हप्ते भरून सोळा वर्षांनी १३ लाख? तसं पाहिलं तर इथून पुढचा परतावा सहा टक्क्यांच्या आसपास पडतो. कर्ज नसतं तर मी कदाचित म्हटलं असतं, ठेवा, फार काही बिघडत नाही. पण एका हाताने सहा टक्के कमवून दुसऱ्या हाताने ४९ टक्के द्यायचे, हे मला कुणी समजावून सांगावं. सरेंडर करा. पॉलिसीला दोन वर्षं उलटून गेली आहेत, त्यामुळे आयकरात ८०सीखाली मिळालेली वजावट परत काढून घेतली जाणार नाही.

त्याआधी एक काम. टर्म इन्शुरन्स, म्हणजे बचतीची भानगड नसलेला निव्वळ विमा, घ्या, एक कोटीचा. धूम्रपान नसेल तर या वयात वर्षाला साधारण १२ ते १५ हजार, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. टर्मची पॉलिसी हातात पडली की मगच जुनीच्या सरेंडरचा अर्ज द्या. मार्चचा पाचवा हप्ता भरू नका. वार्षिक हप्त्याला तारखेनंतर तीस दिवसांची सवलत असते, तेवढ्यात हे सगळं बसतं.

सरेंडरचे १ लाख २० हजार आले की एक लाख कार्डावर, कार्ड संपलं. वीस हजार उरतील. शिवाय दर महिन्याला कार्डाचे सात आणि पॉलिसीचे पाच, असे बारा हजार मोकळे होतील.

आणि आता पीसी. याच भागात मला खरं तर जास्त मजा येते, भाच्याचा पीसी दर दिवाळीत मीच उघडून साफ करतो.

नवा घेऊ नका. तुमच्या दुकानदाराने 'यावर विंडोज ११ चालणार नाही' असं सांगितलं म्हणे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, एवढं खरं. पण रायझन ५ २६०० मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ च्या यादीत आहे. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एफटीपीएम ही विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय सुरू करा, बहुतेक वेळा तेवढंच अडलेलं असतं. एका स्विचसाठी १ लाख ३५ हजारांचं कोटेशन! मॅडम बँकेत बसतात आणि हे दुकानात, इतकाच फरक.

तीन मिनिटं लागतात ती हार्ड डिस्कमुळे. एसएसडी टाका. रॅमची एकच पट्टी असल्याने ती सिंगल चॅनेलमध्ये, म्हणजे एकाच मार्गाने, चालते, आणि रायझनला ते विशेष खटकतं. त्याच स्पीडची आणखी एक आठ जीबीची पट्टी घाला. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी खेचून घेतल्यामुळे रॅमचे भाव गेल्या काही महिन्यांत भडकले आहेत, म्हणून ३२ जीबीचा मोह नको. दोन्ही मिळून दहा हजारांच्या आसपास. ते त्या वीस हजारांतून करा, उरलेले दहा अडीअडचणीला ठेवा. कॅबिनेट उघडलंच आहे तर फॅनमधली आठ वर्षांची धूळ काढा आणि प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदला. ती शंभर-दोनशे रुपयांची ट्यूब असते.

ग्राफिक्स कार्ड मात्र खरंच म्हातारं झालं आहे. जीटीएक्स १० मालिकेसाठी एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर नवे गेम ड्रायव्हर बंद केले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. पण ते दिवाळीपर्यंत थांबू शकतं. मोकळ्या झालेल्या बारा हजारांतून टर्मचे बाराशे, पाच हजार आपत्कालीन निधीला, साडेचार हजार पीसीला. एप्रिलपासून मोजलं तर दिवाळीला ३० हजारांवर जातात. तेव्हा घ्यायचं आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅटचं आहे, तुमचं १०६० १२० वॅटचं, त्यामुळे जुना एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) शाबूत असेल तर तोही बदलायला नको. प्रोसेसर वर्षभर तरी राहू द्या. पुढे कधी अडलाच तर त्याच बोर्डावर बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० बसतो.

'नो कॉस्ट ईएमआय'वर एकच वाक्य पुरे. शून्य टक्के व्याज असं काही नसतं हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सुनावलं होतं. रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट तुमच्या व्याजात वळवली जाते, आणि त्या व्याजावरचा जीएसटी तरी तुम्हीच भरता. बाकी असलेल्या कार्डावर महिना सव्वाअकरा हजारांचा हप्ता चढवणं तर वेगळंच धाडस.

राहिला तुमच्या पत्रातला 'स्ट्रीमिंगमधून पीसीचे पैसे वसूल होतील' हा मुद्दा, म्हणजे गेम खेळताना यूट्यूबवर थेट दाखवून. तुमच्या चॅनेलला २१२ सबस्क्राइबर आहेत. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळायला हजार सबस्क्राइबर आणि वर्षात चार हजार तास पाहिलं जाणं लागतं. खेळा, मजा करा, पण या उत्पन्नाचा रकाना शून्य ठेवा. आणि जीटीए ६ या नव्या गेमसाठी तयार राहायचं म्हणून घाई असेल, तर तो आजवर फक्त प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्ससाठी जाहीर झाला आहे. पीसीवर कधी येणार, याची तारीखच नाही.

सरेंडरचा अर्ज शाखेत देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. मॅडम म्हणतील, 'साहेब, आठच तर हप्ते राहिलेत.' चार लाख ऐंशी हजार, असं उत्तर द्या आणि शिक्का होईपर्यंत खुर्चीतून उठू नका.