व्हँकुव्हरला पाहिलेलं जुनं फ्लोटप्लेन कोणतं आणि ते आधी कोणाकोणाकडे होतं, हे कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की व्हँकुव्हरच्या कोल हार्बरमध्ये एका जुन्या फ्लोटप्लेनचा, म्हणजे चाकांऐवजी फ्लोटांवर (पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ नावांवर) उतरणाऱ्या विमानाचा, फोटो काढला, नाक बोथट आणि गोल आहे, अंगावरची अक्षरं ‘सी-जी’ने सुरू होतात. आता ते कोणतं विमान, किती जुनं आणि आधी कोणाकोणाच्या हातून गेलं, हे तुम्हाला हवंय. तुमच्या वर्णनातच बरंच उत्तर आहे, विशेषतः त्या ‘जी’मध्ये. पण क्रमाने जाऊ.

त्या बंदरात दिसणारी बोथट नाकाची जुनी विमानं म्हणजे बहुधा डी हॅविलंड कॅनडा कंपनीची बीव्हर. तिचाच आकाराने मोठा भाऊ म्हणजे ऑटर. बीव्हरचं पहिलं उड्डाण १६ ऑगस्ट १९४७ला टोरोंटोजवळ डाउन्सव्ह्यू इथे रसेल बॅनॉक यांनी केलं. ऑटर १२ डिसेंबर १९५१ला उडालं. बीव्हर १,६००हून जास्त बनली, ऑटर फक्त ४६६. दोन्हींचं उत्पादन १९६७पर्यंत थांबलं होतं. म्हणजे तुम्ही पाहिलेलं विमान कितीही चकचकीत रंगवलेलं असलं तरी ते पन्नाशी केव्हाच ओलांडून गेलंय, आणि तरी रोज प्रवासी घेऊन उडतंय.

ओळखताना नाकावर जाऊ नका. नाक बदलतं. मूळ बीव्हरला ४५० अश्वशक्तीचं प्रॅट अँड व्हिटनीचं वास्प ज्युनियर रेडियल इंजिन (ज्यात सिलिंडर गोलाकार मांडलेले असतात) असे, ऑटरला ६०० अश्वशक्तीचं मोठं वास्प. पुढे कित्येक विमानांची रेडियल इंजिनं काढून टर्बाइन बसवली गेली आणि बोथट नाकाच्या जागी लांब, निमुळतं नाक आलं. व्हँकुव्हरच्या बंदरात असे टर्बाइन ऑटर भरपूर दिसतात. म्हणून आधी शेपूट बघा. बीव्हरचं आडवं शेपूट धडालगत खाली असतं आणि शेपटीचा उभा पंख वर गोलसर असतो. ऑटरचं आडवं शेपूट उभ्या पंखावर बरंच वर चढवलेलं असतं. एवढ्या एका खुणेवर दुरूनही दोघांत गल्लत होत नाही. उभा पंख चौकोनी आणि धड पंखांच्या पुढे लांब दिसलं, तर ते कारखान्यातूनच टर्बाइन घेऊन आलेलं टर्बो बीव्हर. ती मोजून ६० बनली, दिसलं तर फोटो जरूर काढा.

याहून जुनं काही पाहायचं असेल तर नूरडाइन नॉर्समन. १४ नोव्हेंबर १९३५ला त्याचं पहिलं उड्डाण झालं, तेही पाण्यावरून. बीव्हर पूर्ण धातूचं. नॉर्समनचं धड मात्र पोलादी नळ्यांचं, पंख लाकडी आणि वर कापड. धडावर कापडाखालच्या पट्ट्यांच्या उभार रेघा दिसल्या की शंका उरत नाही. ऑन्टारियोतल्या रेड लेक गावात सीएफ-डीआरडी हे नॉर्समन हाउई बेच्या काठी खांबावर चढवून ठेवलंय. त्या गावाला नॉर्समनची राजधानी म्हणतात आणि तिथल्या लोकांना या विमानाचं प्रेम खरोखर आहे.

आता त्या अक्षरांकडे येऊ. कॅनडातली नोंदणी १९२०च्या दशकात ‘जी-सीए’ने सुरू होई. १९२९पासून ‘सीएफ’ आलं, सीएफ आणि रेघेनंतर तीन अक्षरं. १९७४मध्ये रेघ एक घर मागे सरकली आणि सीएफ-एबीसी असलेलं विमान सी-एफएबीसी झालं. त्याच सुमारास नव्या नोंदींसाठी ‘सी-जी’ ही मालिका उघडली. आता विचार करा. बीव्हरचा कारखाना १९६७मध्ये थांबला आणि तुमच्या विमानावर सी-जी आहे, म्हणजे कॅनडातली ही नोंद १९७४च्या आसपासची किंवा नंतरची. मग मधली वर्षं ते होतं कुठे? बहुतेक वेळा उत्तर असतं: परदेशात, आणि त्यातही अमेरिकी लष्करात. अमेरिकी लष्कराने ९००हून जास्त बीव्हर घेतली होती, म्हणजे एकूण उत्पादनाच्या निम्म्याहून जास्त. ऑटरवर सी-जी असेल तर आणखी एक शक्यता धरायची, की ते कॅनडाच्या हवाई दलातून निवृत्त झालेलं असावं. कॅनडाच्या हवाई दलाकडे ऑटर बरीच होती.

उलटा तर्क मात्र चालत नाही. ‘सी-एफ’ अक्षरं आजही दिली जातात, त्यामुळे सी-एफ दिसलं म्हणून विमान पहिल्यापासून कॅनडाचंच असं धरू नका. आणि १९५७च्या आधी बनलेल्या विमानांना जुन्या पद्धतीने सीएफ लिहायची मुभा आहे, म्हणून सीएफ आणि मग रेघ दिसली तरी नोंद जुनी आहे की मालकाला जुना थाट आवडतो, हे नोंदवही पाहूनच कळतं.

अक्षरांच्या गटांतूनही काही कळतं. ऑन्टारियो सरकारची हवाई सेवा १९२४मध्ये सू सेंट मेरी इथे सुरू झाली, वणव्यांवर नजर ठेवायला आणि जंगलात माणसं पोचवायला. तिच्या विमानांना ‘ओ’ने सुरू होणारी अक्षरं मिळत. १९४८मध्ये तिला मिळालेलं दुसऱ्या क्रमांकाचं बीव्हर म्हणजे सीएफ-ओबीएस, ते आज सू सेंट मेरीच्याच बुशप्लेन (जंगलात काम करणाऱ्या विमानांच्या) संग्रहालयात आहे. पोलिसांच्या, म्हणजे आरसीएमपीच्या विमानांवर ‘एमपी’ असे. पहिलं बीव्हर सीएफ-एफएचबी, त्यातली अक्षरं फ्रेड हॉवर्ड बुलर या रचनाकाराच्या नावाची. ते ओटावाच्या विमान संग्रहालयात आहे.

पण शोध घेताना नोंदणीची अक्षरं हातात धरून मागे मागे जाऊ नका, सगळा शोध तिथेच भरकटतो. विमान देश बदलतं तेव्हा अक्षरं बदलतात. विमान मोडीत निघालं किंवा परदेशी गेलं की तीच अक्षरं काही वर्षांनी भलत्याच विमानाला मिळू शकतात. कायम राहतो तो कारखान्याने दिलेला बांधणी क्रमांक. म्हणून पहिलं काम एकच: अक्षरांवरून बांधणी क्रमांक काढायचा. कॅनडाच्या परिवहन खात्याची, म्हणजे ट्रान्सपोर्ट कॅनडाची विमान नोंदवही इंटरनेटवर खुली आहे. अक्षरं टाकली की निर्माता, मॉडेल, क्रमांक आणि सध्याचा नोंदणीधारक दिसतो. पूर्वीच्या नोंदींचाही वेगळा शोध तिथे आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण नवखे लोक इथेच चुकीचा निष्कर्ष काढतात. कॅनडाच्या नोंदवहीत ज्याचं नाव असतं तो विमानाचा खरा मालक असेलच असं नाही. तिथे नोंद होते ती विमान कायद्याने ज्याच्या ताब्यात आणि देखरेखीखाली आहे त्याची. आपल्या सात-बाऱ्यावरच्या कब्जेदाराची आठवण ठेवा म्हणजे फरक लक्षात राहील. एखाद्या कंपनीने विमान भाड्याने चालवायला घेतलं तर नोंदीत तिचं नाव लागतं, पैसे घातलेला मालक पडद्यामागे राहतो. त्यामुळे नोंदीत नाव बदललं म्हणजे विक्री झाली असंही नाही आणि नाव तेच राहिलं म्हणजे मालकी हलली नाही असंही नाही. शिवाय कॅनडात नाव न घेता नुसत्या आकड्यावर कंपनी काढता येते. सात आकडे आणि पुढे प्रांताचं नाव, एवढंच दिसेल. निराश होऊ नका. त्या त्या प्रांताच्या कंपनी नोंदणीत तो आकडा टाकला की संचालक कोण ते बहुधा कळतं.

अमेरिकेची पद्धत याच्या उलट, आणि शोधणाऱ्याला फार सोयीची. तिथली नोंदणी मालकी हक्काची असते. फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या ओक्लाहोमा सिटीतल्या कार्यालयात प्रत्येक ‘एन’ क्रमांकाच्या, म्हणजे अमेरिकी नोंदणीच्या, विमानाची फाइल आहे आणि तिची प्रत थोड्याशा शुल्कात कोणालाही मागवता येते. तुमचं विमान लष्करातून निघाल्यावर आधी अमेरिकेत नागरी नोंदणीवर आलं असेल, तर ही फाइल म्हणजे खजिना. तिच्यात प्रत्येक विक्रीखत असतं, घेणाऱ्या-देणाऱ्याच्या सह्यांसकट. कर्ज घेतलं असेल तर बोजाची नोंद असते. आणि ३३७ क्रमांकाचे फॉर्म असतात. मोठी दुरुस्ती किंवा मोठा बदल केला की हा फॉर्म भरावा लागतो. विक्रीखतांतून नुसती नावं कळतात, ३३७मधून विमानाचं आयुष्य कळतं. पंख कधी बदलला, फ्लोट कधी चढवले, कुठल्या अपघातानंतर धडाचा कोणता भाग नवा बसवला. मी अशी फाइल हाती आली की आधी ३३७च वाचतो.

लष्कराचा काळ शोधायला लष्करी क्रमांक लागतो. अमेरिकी लष्करात बीव्हरला एल-२० म्हणत, १९६२पासून यू-६. क्रमांकाचे पहिले दोन आकडे म्हणजे मागणी नोंदवली ते आर्थिक वर्ष. शेपटीवर लिहिताना त्यातला पहिला आकडा गाळत, म्हणजे ५१ने सुरू होणारा क्रमांक शेपटीवर १ने सुरू होई. जुन्या कृष्णधवल फोटोंशी ताडताना हे माहीत असलं पाहिजे. निवृत्तीनंतर यातली बरीच विमानं लष्कराने विकून टाकली. काही वॉशिंग्टन राज्यातल्या केनमोर एअरच्या कार्यशाळेत पार उघडून नव्याने उभी केली गेली. १९४६पासूनची ही कंपनी बीव्हरच्या पुनर्बांधणीसाठी इतकी नावाजलेली आहे की विक्रीच्या जाहिरातीत तिचं नाव मुद्दाम लिहितात.

आता सगळ्यात कठीण भाग. जंगलात काम करणारी विमानं आपटतात, बुडतात, बर्फातून खाली जातात. मग ती ओढून काढतात आणि पुन्हा बांधतात. एका विमानाचं धड, दुसऱ्याचे पंख, तिसऱ्याचं शेपूट. अशा वेळी हे विमान कोणतं, हे ठरतं ते बांधणी क्रमांकाच्या धातूच्या पट्टीवरून आणि तिच्यासोबत आलेल्या कागदांवरून. त्यामुळे ‘१९५३चं बीव्हर’ म्हणून उभ्या असलेल्या विमानात १९५३चा पत्रा फारच थोडा असू शकतो. काहींना हे फसवणुकीसारखं वाटतं, मला तसं वाटत नाही. या विमानांनी ज्यासाठी जन्म घेतला ते काम करत राहायचं तर सुटे भाग बदलणारच. मात्र इतिहास लिहिताना धडाचा आणि पट्टीचा इतिहास वेगवेगळा मांडायला हवा. दोन ठिकाणच्या नोंदी एकमेकांत बसत नसतील, एकच विमान नष्ट झालंय आणि पाच वर्षांनी उडतंयही असं दिसलं, तर कोणीतरी खोटं लिहिलंय असं लगेच समजू नका. बहुधा पट्टी एका सांगाड्यावरून दुसऱ्यावर गेलेली असते. अपघात चौकशीचे अहवाल अशा वेळी फार उपयोगी पडतात.

फ्लोटवरच्या पट्टीने तर मुळीच भुलू नका. फ्लोटला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो आणि ते विमानापासून स्वतंत्रपणे विकले जातात. बीव्हरखाली सहसा दिसतात ते इडो कंपनीचे ४५८० मॉडेल. हा आकडा म्हणजे एक फ्लोट किती पौंड भार तोलून धरतो ते. दोन मिळून ९,१६० पौंड. नियम असा की फ्लोटांनी विमानाच्या कमाल वजनापेक्षा ८० टक्के जास्त भार तोलला पाहिजे, आणि फ्लोटवरच्या बीव्हरचं कमाल वजन आहे ५,०९० पौंड. गुणाकार करून बघा, हिशेब जवळजवळ पौंडावर जुळतो. मला हा आकडा पहिल्यांदा जुळला तेव्हा फार आनंद झाला होता.

संगणकाच्या आधीच्या काळातले कॅनडातले मालक शोधायला छापील नोंदवह्या लागतात. विमान संग्रहालयांच्या ग्रंथालयांत त्या असतात. रेड लेक, यलोनाइफ अशा गावांत राहिलेल्या विमानांसाठी स्थानिक वृत्तपत्रं आणि कौटुंबिक फोटोही बघा. कोणाच्या तरी मासेमारीच्या फोटोत मागे धक्क्याला बांधलेलं विमान असतं आणि अक्षरं स्पष्ट वाचता येतात. प्रत्येक फोटोची तारीख टिपून ठेवा. अक्षरं पुन्हा दिली जातात म्हणून तारखेशिवायचा फोटो पुरावा म्हणून कच्चा.

आणि सध्याच्या मालकाचा पत्ता नोंदीत दिसला तरी थेट दारात जाऊ नका. पत्र लिहा, तुमच्याकडचा फोटो जोडा, जमवलेला इतिहास पाठवा. देवाणघेवाण असेल तर लोक मनापासून बोलतात. विमानाच्या तांत्रिक नोंदींच्या वह्या विक्रीबरोबर नव्या मालकाकडे जातात. त्या वह्यांची दोन-चार पानं बघायला मिळाली तर अनेक महिन्यांचं काम वाचतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आज रात्रीच ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या नोंदवहीत अक्षरं टाका आणि बांधणी क्रमांक काढा. फोटोत शेपूट पूर्ण आलं असेल तर ते बीव्हरच आहे ना, हेही पडताळा. क्रमांक इथे टिप्पणीत लिहा. ते अमेरिकी लष्करातून आलेलं असेल, तर त्याचा लष्करी क्रमांक शोधायला आणि ओक्लाहोमाची फाइल कशी मागवायची ते सांगायला मी मदत करेन.