नंबर बदलू नका, मी बदलून पस्तावले आहे

म्हापशाच्या ताई, तुमची पोस्ट वाचली आणि माझेच जुने दिवस आठवले. फ्लॅटच्या प्रदर्शनात वहीत नंबर लिहिलात, रात्री फेसबुकवर त्याच बिल्डरची जाहिरात. फेसबुकला तर नंबर फक्त ओटीपीसाठी दिला होता, प्रोफाइलवर कुठेच नाही. आता नवं सिम घेऊ का, असं विचारताय. नका घेऊ.

मी फोंड्याची, घरी काजू भाजून, आमसुलं करून विकते. मी सिम बदललं. बँक, गॅस, आधार सगळीकडे नवा नंबर घालता घालता दीड महिना गेला. चवथीच्या तोंडावर गिऱ्हाइकं जुन्याच नंबरावर फोन करत बसली. दरवर्षी पाच किलो काजू नेणारं मुंबईचं एक कुटुंब कायमचं तुटलं. आणि दहा-बारा दिवसांत जाहिराती परत हजर! येणारच. नवा नंबर फेसबुकला मीच दिला होता, फर्निचरच्या दुकानात बिलावरही मीच लिहिला होता.

आतली गोम कळली ती पुढच्या वर्षी, दुसऱ्या बाजूने. भाचा म्हणाला, मावशी, चवथीची जाहिरात करूया. माझी तेलकट झालेली उधारीची वही घेऊन बसला, साडेतीनशे नंबर एक्सेलमध्ये टाकले आणि त्याच लोकांना जाहिरात दिसावी म्हणून यादी फेसबुकवर चढवली. चढवताना नंबराचं सांकेतिक अक्षरांत रूपांतर होतं म्हणे. पण फेसबुककडे आधीच असलेल्या आपल्या नंबराचंही तसंच रूप करतात, दोन्ही जुळली की खातं सापडलं. म्हणजे नंबर कुणाला दाखवला नाही असं म्हणायलाही मोकळे. त्या वहीत शेजारच्या आजींचा नंबर होता, त्यांना मी कुठे विचारलं होतं? रात्रीच भाच्याला यादी काढायला लावली.

ओटीपीच्या नंबराबद्दलचा तुमचा संशय खुळा नाही. सुरक्षेसाठी घेतलेले नंबर आणि ईमेल जाहिरातींसाठी वापरले गेले असावेत, असं ट्विटरने ऑक्टोबर २०१९ मध्ये स्वतःच सांगितलं. त्यावरून मे २०२२ मध्ये अमेरिकेत १५ कोटी डॉलर भरावे लागले. फेसबुकला २०१९ मध्ये ५ अब्ज डॉलरचा दंड झाला, त्या आरोपांतही हा प्रकार होता. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदींना त्यापुढे १८ महिन्यांची मुदत. तोवर वाट बघा.

तक्रारीचं म्हणाल तर पणजीतल्या एका कार्यालयात मी तीन खेपा घातल्या, नाव घेत नाही. पहिल्यांदा साहेब जेवायला गेलेले. दुसऱ्यांदा, "पैसे गेले काय? नाही ना? मग फसवणूक कसली?" तिसऱ्यांदा ऑनलाइन फॉर्म भरायला सांगितला. त्यात मोबाइल नंबर सक्तीचा, वर ओटीपी! कदंबच्या बसमध्ये बसून हसावं की रडावं कळेना.

मी वकील नाही, आणि मेनू सारखे बदलतात, त्यामुळे जागा थोडी इकडेतिकडे असेल. जाहिरातीवरचे तीन ठिपके दाबून ती का दिसते ते बघा. कुणी यादी वापरली असेल तर तिथे कळतं. मग फेसबुकच्या अकाउंट्स सेंटरमधल्या जाहिरातींच्या सेटिंगमध्ये त्या जाहिरातदाराला बंद करा. कंटाळवाणं आहे, एकेक करून करावं लागतं. तुमच्या फोनमधून फेसबुकवर चढलेले कॉन्टॅक्ट्सही पुसा, नुसती परवानगी काढून आधी गेलेले नंबर जात नाहीत. सगळ्यांनी आपापलं पुसलं तरच उपयोग, कारण तुमचा नंबर तुमच्या नणंदेच्या फोनमधूनही जातो. दुहेरी सुरक्षा, म्हणजे पासवर्डनंतर मागतात तो कोड, मात्र रागाच्या भरात बंद करू नका हं. ऑथेंटिकेटर ॲप लावा, ते एसएमएसशिवाय फोनवरच कोड दाखवतं, ते चालू झालं की मगच एसएमएसचा नंबर काढा.

दुकानात नंबर मागितला तर मी आता सरळ "बिल कागदावर द्या" म्हणते. पोरगा तोंड वाकडं करतो, पण बिल देतो. प्रदर्शनातल्या वहीचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

तीन ठिपक्यांखाली त्या बिल्डरचंच नाव येतं की भलत्याच एजन्सीचं, ते बघून इथे लिहा. एजन्सी निघाली तर बंद करायला दोन नावं शोधावी लागतील.