खताची उधारी फेडणारा 'जुगार'

पत्र : सप्रेम नमस्कार. लाखांदूर तालुक्यात आमची तीन एकर धानाची शेती आहे. मुलगा वीस वर्षांचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. वर्षभरापासून रात्री लॅपटॉपवर फाशांचा खेळ चालवतो. परदेशातली तीन-चार मंडळी समोर असतात. हा त्यांना इंग्रजीत गोष्ट सांगतो, राक्षसाचे, म्हातारीचे आवाज काढतो आणि पहाटे साडेतीनला झोपतो. शेजारी विचारतात, पोराला काय लागलं? ते लोक त्याला डॉलर पाठवतात, महिन्याला आठ-नऊ हजार होतात. फासे आणि पैसा म्हणजे जुगारच. खरिपात कृषी केंद्राची उधारी त्यातूनच फिटली, खोटं बोलणार नाही. त्याचं एटीएम कार्ड माझ्याजवळच असते. पण हा काही धंदा झाला का? माझ्या साळ्याचा मुलगा तलाठी झाला. यालाही फॉर्म भर म्हणतो, तर ऐकत नाही. तीन आठवड्यांआधी पाहुण्यांसमोर, खेळ चालू असतानाच लॅपटॉप काढून घेतला. तेव्हापासून घरात बोलत नाही. तुमचं सदर तो वाचतो. त्याला समजवा.

उत्तर : भाऊ, तुम्ही जुगार म्हणता आणि पुढच्याच ओळीत त्या पैशातून खताची उधारी फिटली असंही लिहिता. जुगाराचा पैसा वाटत होता, तर घ्यायचा नव्हता. घेतला, तर ती कमाई आहे, आणि कमावत्या मुलाशी बोलतात तसं त्याच्याशी बोलायला हवं होतं. त्याच्या खात्याचं कार्ड तुमच्या खिशात, पैसा घरात खर्च, आणि पाहुण्यांसमोर मात्र पोरगं वाया गेलेलं! तो बोलत नाही याचं मला नवल वाटलं नाही. फार मार्क कमी पडलेल्या, दोनदा नापास झालेल्या मुलांच्या वडिलांची पत्रं येतात, त्यांची मला इतकी काळजी वाटत नाही जितकी या पत्राची वाटली.

लॅपटॉप ओढून घेतला तेव्हा पलीकडे काय झालं असेल, तेही ऐका. तो फी घेऊन लोकांना गोष्टीचा खेळ खेळवतो, आणि समोर बसलेली मंडळी त्याची गिऱ्हाइकं होती. त्यांनी तीन-चार तासांसाठी माणशी पैसे भरले होते. चालवणारा मधेच गायब झाला, निरोप नाही, काही नाही. या कामात नाव सगळं शेऱ्यांवर चालतं. खेळाडू चालवणाऱ्याच्या पानावर उघड शेरे लिहितात आणि नवीन माणूस ते वाचूनच पैसे भरतो. ठरलेलं टेबल, म्हणजे खेळाची बैठक, लागोपाठ बुडलं की खेळाडू दुसरं टेबल पाहतात. म्हणजे तुम्ही जे बंद केलं त्याला वर्षभर लागलं होतं, आणि ते पुन्हा उभं करायला त्याला बराच वेळ लागेल.

आता तुमचा मुख्य गैरसमज. वर्णनावरून हा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' किंवा त्याच जातीचा खेळ दिसतो. हा 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, प्रसंग उभा करतो आणि उरलेली सगळी पात्रं एकटा वठवतो : राजा, चोर, सराईवाली म्हातारी, राक्षस. खेळाडूने भिंतीवरून उडी मारायची ठरवली की वीस पैलूंचा फासा टाकायचा. आकडा पुरेसा पडला तर उडी जमली, नाही तर पडला खाली. फाशाचं काम एवढंच. कोणी कोणाचे पैसे जिंकत नाही, कोणी हरत नाही. पैसे टेबलावर बसण्याचे असतात, आणि फासा कसाही पडला तरी फी तेवढीच. 2025 च्या केंद्रीय ऑनलाइन गेमिंग कायद्याने ज्यावर बंदी आणली, तो पैसे भरून बदल्यात पैसे जिंकण्याच्या आशेने खेळायचा खेळ. इथे जिंकण्याचा पैसाच नाही. आणि तुमच्या भागातल्या माणसाला हे अवघड वाटू नये. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, रात्री तिकीट काढून अख्खं गाव उजाडेपर्यंत झाडीपट्टीचं नाटक पाहतं, वडशाच्या नाटक कंपन्या त्यावर हंगाम काढतात. तिथे खोटी दाढी लावून रडणाऱ्या माणसाला कोणी विचारत नाही, याला काय लागलं.

आता मुलासाठी लिहितो. तुम्हीही वाचा, कारण पुढचं तुम्हाला जितकं आवडेल तितकं त्याला आवडणार नाही.

हे काम आहे, पण यावर एकट्यावर घर चालवायचा विचार आज करू नकोस. हिशेब मांड. नवीन गेम मास्टर माणशी 10 डॉलरने सुरुवात करतो. नाव झालेले 20-25 घेतात. तीन खेळाडू धरले तर एका बैठकीचे 30 डॉलर. डॉलर 85 रुपयांचा आणि खेळाडू मिळवून देणाऱ्या मंचाची, म्हणजे वेबसाइटची, कपात 15 टक्के धरली तर हातात साधारण 2,150 रुपये. बैठक चार तासांची, आधीची तयारी दोन-तीन तासांची, मधल्या निरोपांचा वेळ वेगळा. महिन्याच्या चार बैठका म्हणजे साडेआठ हजार, म्हणजे तुझे आजचेच आकडे. पाच खेळाडू आणि माणशी 15 डॉलर झाले तर त्याच चार बैठकींचे एकवीस हजारांच्या पुढे जातात. वाढ इथे आहे, टेबलं वाढवण्यात नाही. आठवड्याला चार टेबलं घेणारे थकतात, तयारी कमी पडते, खेळाडू गळतात. डिसेंबरच्या सुट्ट्यांत तर परदेशी टेबलं दोन-तीन आठवडे बंदच पडतात. तो खड्डा हिशेबात धर.

पहाटे साडेतीनला झोपणं मात्र थांबलंच पाहिजे. त्यावर वडिलांचं बरोबर आहे, कारण वेगळं असलं तरी. ब्रिटनच्या संध्याकाळी सातला टेबल लावलंस की आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा वाजतात. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी तिकडची घड्याळं बदलतात, तेव्हा नव्या मुलांची एक बैठक हमखास चुकते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. कॉलेज असताना हे झेपणार नाही. त्याऐवजी शनिवार-रविवारी ब्रिटनच्या दुपारी दोनचं टेबल लाव. आपल्याकडे साडेसहा किंवा साडेसात होतात, साडेअकरापर्यंत मोकळा. सिंगापूरची रात्री आठची वेळ म्हणजे आपली संध्याकाळी साडेपाच. तिकडे इंग्रजीत खेळणारे आहेत.

गावातून चालवायचं तर अडचण वीज आणि आवाजाची. राउटरसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस घे, लाइट गेली तरी दोन-चार तास निघतात. लॅपटॉपची बॅटरी चार तास टिकत नसेल तर आधी ती बदल. मोबाइलच्या हॉटस्पॉटची दुसरी वाट तयार ठेव, शक्यतो दुसऱ्या कंपनीच्या सिमवर. पत्र्याच्या खोलीत पावसाळ्यात काम करू नको. एका सरीने पूर्ण बैठक जाते. स्लॅबची खोली, भिंतीला गोधड्या आणि तारेचा हेडसेट, एवढ्याने आवाज पुष्कळ सुधारतो.

नकाशा आणि फाशांसाठी रोल ट्वेंटी हे सॉफ्टवेअर ब्राउजरवर चालतं, खेळाडूंना काही उतरवून घ्यावं लागत नाही. फाउंड्री हे दुसरं सॉफ्टवेअर एकदाच विकत घ्यावं लागतं आणि तेही फक्त चालवणाऱ्याने, साधारण 50 डॉलरला. पण एक मेख आहे. फाउंड्री तुझ्या लॅपटॉपवरून चालवलंस तर बाहेरचे लोक त्याला जोडले जायला हवेत, आणि मोबाइल कंपन्या इंटरनेटवरचा एकच आयपी पत्ता शेकडो ग्राहकांत वाटतात, त्यामुळे राउटरमध्ये बाहेरून यायची दारं, म्हणजे पोर्ट, कितीही उघडलेस तरी ते आत येऊ शकत नाहीत. मुलं आठवडा-आठवडा सेटिंग खणत बसतात. तसं करू नको, भाड्याच्या सर्व्हरवर चढव.

लोक पैसे मोजतात कशासाठी? गोष्ट फार सुंदर असते म्हणून क्वचित. चार नोकरदार माणसांच्या वेळा जुळवून, दर आठवड्याला, ठरल्या मिनिटाला तयारीनिशी हजर राहणारा माणूस मिळत नाही, त्याचे हे पैसे. म्हणून पहिल्या बैठकीआधी शून्यावी बैठक घे, ज्याला ते सेशन झिरो म्हणतात. खेळाचा बाज काय, कोणते विषय कोणाला नकोत (लहान मुलांवरची हिंसा, कोळी, काहीही), गैरहजर राहिल्यास पैसे परत किती, हे तिथेच बोलून लिहून ठेव. ते टाळलं की तिसऱ्या बैठकीत भांडण होतं आणि टेबल मोडतं.

तयारीतली चूक बहुतेकांची एकच. वीस पानांची गोष्ट लिहून ठेवतात आणि खेळाडू पहिल्या दहा मिनिटांत सराईला आग लावून दुसऱ्या गावाला निघतात. गोष्ट लिहू नकोस. तीन जागा, चार पात्रं, प्रत्येकाला काय हवंय ते एका ओळीत, आणि खेळाडूंनी काहीच केलं नाही तर काय बिघडेल, एवढं एका पानावर पुरतं. बैठकीत घड्याळ बघ. एक बोलका खेळाडू सगळा वेळ खातो आणि गप्प बसणारा पुढच्या आठवड्यात येत नाही. त्या गप्प माणसाला नाव घेऊन विचारायचं, तू काय करतोस?

इंग्रजीच्या उच्चारांची धास्ती नको. सावकाश, स्पष्ट बोलणारा चालतो, अमेरिकन हेल काढणारा खोटा वाटतो. विकत न घेतलेल्या पुस्तकांच्या पीडीएफ खेळाडूंना वाटू नको, त्यात मंचावरचं खातं जाऊ शकतं. जानेवारी 2023 पासून या खेळाच्या मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. श्रेय देऊन त्यावर स्वतःची साहसं लिहून विकता येतात. बैठकीची तयारी नीट लिहून ठेवलीस तर हे दुसरं उत्पन्न त्यातूनच निघतं, आणि पुढे गेम लिहिण्याच्या नोकरीसाठी दाखवायला काहीतरी हाती राहतं.

भाऊ, परत तुमच्याकडे. तलाठी भरतीला पदवी लागते आणि तुमचा मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे. आज तो फॉर्म भरूच शकत नाही. पदवीनंतर तलाठी, राज्यसेवा, जे द्यायचं ते द्यावं, त्याला आडकाठी नाही. पोलीस भरतीला बारावी चालते, पण ज्याला जायचं नाही त्याला मैदानावर पळवून काही होत नाही. तुमच्या साळ्याच्या मुलाचं कौतुक आहे, ते घरी रोज वाढायची गरज नाही.

कागदपत्रांचं तेवढं करा. पेपालवरून डॉलर येत असतील तर पॅन आणि बँक खातं त्याच्याच नावाचं लागतं, आणि पैसा कशाचा आला हे नोंदवावं लागतं. परकीय रक्कम आल्याचा बँकेचा दाखला दर वेळी जपून ठेवायचा. सेवांच्या उलाढालीवर 20 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. एवढ्या कमाईवर आयकर बसणार नाही, तरी विवरणपत्र भरा. उद्या शिक्षणकर्ज किंवा दुकानासाठी कर्ज मागायला गेलं तर तोच कागद कामी येतो. पाहुण्यांच्या ओळखीचा नाही, तालुक्याचा सीए गाठा, त्याची फी मोठी नसते.

कार्ड त्याला परत द्या आणि किती घरात द्यायचं हे त्याच्याशी बसून ठरवा, ठरलेली रक्कम, ठरलेल्या तारखेला. लॅपटॉपही द्या, पाहुणे बोलावून घेतला तसा गाजावाजा न करता. त्याने पहिलं काम खेळ लावण्याचं करू नये. जुन्या सगळ्यांना तीन ओळी लिहाव्यात : घरगुती अडचण होती, बुडालेल्या बैठकीचे पैसे परत पाठवतो, पुढचं टेबल शनिवारी साडेसहाला. दोघं-तिघं परत येतील. बाकीच्यांच्या जागा भरायला सहा आठवडे धरा. कॉलेजच्या सत्र परीक्षेआधीचा महिना एकही बैठक नको, ही अट त्याच्यावर माझी आहे. आणि त्याला काही विचारायचं असेल तर पत्र त्याने स्वतः लिहावं.