ड्रिलचा पगार दिसतो, ओसीआय दिसत नाही

प्रश्न थोडक्यात असा: वाचक ३२ वर्षांचे, न्यू जर्सीत एडिसनला राहतात, नेटवर्क इंजिनिअर, वर्षाला १,१५,००० डॉलर पगार. गेल्या वर्षी अमेरिकन नागरिक झाले, ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना दर वेळी व्हिसा न काढता भारतात येऊ-जाऊ देणाऱ्या कार्डाचा, अर्ज अजून केलेला नाही. पत्नी अर्धवेळ काम करते, मुलगी चार वर्षांची, घरावर ७ टक्क्यांचं कर्ज, हाताशी १८,००० डॉलर. आई-वडील साताऱ्यात. आर्मी रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या अर्धवेळ राखीव दलाच्या, सिग्नल (दळणवळण) युनिटमध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या कामावर, म्हणजे '२५बी' म्हणून, भरती व्हावं का? "महिन्यातून एक शनिवार-रविवार द्यायचा, वर पैसेही मिळतात," असं त्यांनी लिहिलंय.

ते 'वर' मिळणारे पैसे आधी मोजू. वर्षाला ४८ ड्रिल (सरावाची सत्रं, प्रत्येकाला एका दिवसाचा पगार) आणि साधारण १५ दिवसांचं वार्षिक प्रशिक्षण, म्हणजे ६३ दिवसांचा पगार. पदवीधराला स्पेशालिस्ट, म्हणजे ई-४ हुद्द्यावर घेता येतं. त्याचा २०२६ चा मूळ पगार महिन्याला ३,१०० डॉलरच्या थोडा वर आहे. एका शनिवार-रविवारचे चार ड्रिल धरले जातात, त्याचे सव्वाचारशेच्या आत-बाहेर मिळतील. वर्षाचे सहा-साडेसहा हजार, तेही करपात्र. एवढ्यासाठी कुणी गणवेश चढवू नये.

खरा पैसा आरोग्य विम्यात आहे. 'ट्रायकेअर रिझर्व्ह सिलेक्ट' या राखीव सैनिकांसाठीच्या विम्याचा कुटुंबाचा हप्ता २०२५ मध्ये महिन्याला पावणेतीनशे डॉलरच्या घरात होता. तुम्ही कंपनीच्या विम्यासाठी दरमहा १,१५० कापून देता, म्हणजे वर्षाला साडेदहा हजारांची बचत. ड्रिलच्या पगारापेक्षा ही मोठी. (उन्हाळ्यात येणारे आई-वडील मात्र यात बसत नाहीत, त्यांचा व्हिजिटर विमा वेगळाच काढावा लागेल.) शिवाय थ्रिफ्ट सेव्हिंग्ज प्लॅन या निवृत्ती-बचतीच्या खात्यात सरकारची भर आहे, आणि २० पात्र वर्षं भरली तर साधारण साठीला पेन्शन. पण २० वर्षं हा शब्द आज मी गणितात धरणार नाही.

आता खर्च. मूलभूत प्रशिक्षण १० आठवडे, मग जॉर्जियात फोर्ट गॉर्डनला तुमच्या कामाचं आणखी साधारण २० आठवडे. म्हणजे सात महिने घर आणि पगार दोन्ही सुटले. तुमचे बुडणारे ६७,००० आणि लष्कराचे २२,००० यांत ४५,००० ची खिंड पडते. कुटुंब असल्यामुळे घरभाडे भत्ता मिळेल, तो करमुक्त असतो आणि न्यू जर्सीत बरा असतो, त्यामुळे खिंड अर्ध्यावर येऊ शकेल. सक्रिय सेवेत असेपर्यंत आणि त्यानंतर वर्षभर तुमच्या जुन्या गृहकर्जाचं व्याज कायद्याने ६ टक्क्यांवर आणून घेता येतं. त्यासाठी बँकेला सेवेत बोलावल्याच्या आदेशाची प्रत लेखी पाठवावी लागते, आपोआप होत नाही. तरीही १८,००० ची गंगाजळी पुरणार नाही. नोकरी मात्र सैनिकांच्या नोकऱ्यांना संरक्षण देणाऱ्या 'यूसेरा' कायद्यामुळे परत मिळते, बढतीची पायरीही न गमावता.

करार एकूण ८ वर्षांचा असतो, आणि आणीबाणीत सलग २४ महिन्यांपर्यंत बोलावलं जाऊ शकतं. भरतीच्या टेबलावर हे हळू आवाजात सांगितलं जातं.

पत्र वाचताना मी थबकलो ते ओसीआयच्या ओळीवर. भारत सरकारचा नियम स्पष्ट आहे: परदेशी लष्करातल्या व्यक्तीला, सेवेत असो वा निवृत्त, ओसीआय मिळत नाही. तुमची पत्नी आणि मुलगी एका रांगेत, तुम्ही व्हिसाच्या रांगेत, आणि हे जन्मभर. साताऱ्याच्या घराचा वारसा कुणी हिरावून घेत नाही. पण उद्या पुण्यात फ्लॅट घ्यावासा वाटला तर परवानग्यांचा गुंता होईल, आणि वडिलांना रात्री दवाखान्यात नेलं तर सकाळचं विमान पकडता येईलच असं नाही. आधी ओसीआय काढून मग भरती व्हायची युक्ती सुचली असेल, तर इमिग्रेशन वकिलाच्या लेखी मताशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

तुमच्या कामाला 'सिक्रेट' क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याचा सरकारी परवाना, लागतो, आणि संरक्षण कंत्राटदारांकडे त्याला चांगला भाव आहे. भरतीच्या बाजूने हाच सगळ्यात दमदार मुद्दा, आणि तुम्ही तो लिहिलाच नाहीत! त्या अर्जात साताऱ्याचं घर, भावाबरोबरचं संयुक्त खातं, सगळं दाखवावं लागेल. दाखवा, लपवू नका.

माझं मत: या वर्षी सही करू नका. गंगाजळी ४०,००० पर्यंत न्या. तोवर साताऱ्याला जाऊन या, आणि ओसीआयबद्दल फोनवर नाही, आई-वडिलांसमोर बसून बोला. म्हातारपणी ते तुमच्याकडे येणार असतील तर ओसीआयची किंमत निम्मी होते आणि मी हिशोब पुन्हा मांडेन. ते साताऱ्यातच राहणार असतील, तर त्या साडेदहा हजारांसाठी मी ओसीआय सोडणार नाही.