वाचकांचे प्रश्न : पांढरा ढग आणि कोरडी गच्ची

प्रश्न : मे महिन्यात आम्ही गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. मोबाईलवरील उपग्रहाच्या चित्रात पुण्यावर पांढराशुभ्र ढग दिसला, म्हणून घाईघाईने सगळे वाळवण गोळा केले. पण एक थेंबही पडला नाही. उलट जुलैत मुळशीला धो धो पाऊस चालू असताना त्याच चित्रात तिथे फिकट करडा रंग होता. अशा चित्रावर विश्वास ठेवावा का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : विश्वास जरूर ठेवावा, मात्र ते चित्र कशाचे आहे हे आधी कळले पाहिजे, आणि ते आपल्याला कोणी सांगितलेच नाही, ही खरी अडचण आहे. आपण पाहिले ते बहुधा अवरक्त किरणांचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांचे चित्र असावे. सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरील उपग्रह त्यात पाऊस मोजत नाही. ढगाच्या माथ्याचे तापमान मोजतो. माथा जितका थंड, तितका रंग पांढरा, अशी ती रंगवण्याची रीत आहे. मे महिन्यात दूरवर कुठेतरी वादळी ढग उभा राहतो, त्याचा वरचा भाग वाऱ्याने पसरत जातो आणि हिमकणांचा तो पातळ पडदा आपल्या डोक्यावर येतो. त्याचे तापमान शून्याखाली कितीतरी अंश असते, त्यामुळे चित्रात तो लख्ख पांढरा दिसतो. पण त्यातून जमिनीपर्यंत पाणी पोचत नाही.

मुळशीचे नेमके उलट आहे. पावसाळ्यात समुद्रावरून येणारे बाष्प सह्याद्रीला धडकून वर चढते आणि घाटमाथ्यावर तुलनेने बुटके ढग तयार होतात. त्यांचा माथा पुष्कळदा गोठणबिंदूच्या आसपास किंवा त्याहून उबदारच असतो. ताम्हिणीत उभ्याने भिजवणारा पाऊस याच ढगांतून तासन्‌तास पडतो, आणि तापमानाच्या चित्रात मात्र ते करडे राहतात. घाटातल्या पावसासाठी या चित्रावर विसंबणाऱ्याची फसगत ठरलेली आहे. तिथे हवामान खात्याचा इशारा आणि धरणक्षेत्रातील पर्जन्यमापकांचे आकडेच पाहावेत. दिवसा आपण दृश्य प्रकाशातील, म्हणजे साध्या छायाचित्रासारखे चित्रही शेजारी उघडून पाहा. दोन्हींत ठसठशीत पांढरा असलेला ढग जाड आणि उंच असतो. अवरक्त चित्रात पांढरा पण दृश्य चित्रात विरळ दिसणारा ढग असेल, तर कुरडया निर्धास्तपणे वाळू द्याव्यात.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. आमच्या सोसायटीतील लोकांसाठी भारताच्या इन्सॅट या हवामान उपग्रहांची माहिती सोप्या रूपात दाखवणारे पान करत आहे. कोणती काळजी घ्यावी? (एक वाचक, धनकवडी)

उत्तर : आपण हे काम हाती घेतले याचा मनापासून आनंद वाटला, कारण माहिती मुबलक आहे आणि ती घरोघरी समजेल असे दाखवणारे हात कमी आहेत. इस्रोच्या अहमदाबाद येथील अंतराळ उपयोग केंद्राच्या मोसडॅक या संकेतस्थळावर नाव नोंदवले की इन्सॅट-3डीआर (2016) आणि इन्सॅट-3डीएस (2024) यांच्या फाइली मिळू शकतात. त्यांत प्रत्येक ठिपक्याला 0 ते 1023 मधला एक आकडा असतो आणि त्याचे तापमानात रूपांतर करणारा तक्ता त्याच फाइलीत असतो. पायथन या संगणक भाषेतील सॅटपाय हे साधन तो वाचते, म्हणून तांत्रिक भागाची फार चिंता करू नये. चुका होतात त्या पुढे, पडद्यावर मांडताना.

सर्वांत आधी वेळ. चित्रावरची वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते आणि आपले घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. ‘0900’ असे छापलेले चित्र दुपारी अडीचचे असते, पण आपले आजोबा ते सकाळी नऊचे म्हणूनच वाचतील. त्यातच पृथ्वीचा पूर्ण गोल टिपायला उपग्रहाला सुमारे 26 मिनिटे लागतात, नंतर फाइल तयार होऊन आपल्यापर्यंत यायला आणखी वेळ जातो, आणि वळिवाचा ढग तर तासाभरात उभा राहून कोसळून मोकळाही होतो. म्हणून भारतीय वेळ मोठ्या अक्षरांत द्यावी आणि तिच्याखाली ‘हे चित्र 50 मिनिटांपूर्वीचे आहे’ असे वाक्य आपोआप बदलत राहील अशी सोय करावी. माझ्या मते बाकी काही जमले नाही तरी चालेल, पण हे वाक्य हवेच.

रंगांबाबत माझे मत थोडे कडक आहे. तापमान दाखवायला इंद्रधनुष्यी रंगपट्टी वापरू नये. तापमान हळूहळू बदलत असतानाही त्या पट्टीत पिवळ्याच्या कडेला अचानक रेघ उमटते आणि पाहणाऱ्याला तिथे ढगाची सीमा आहे असे वाटते. शिवाय हवामान खात्याच्या इशाऱ्यांमुळे पिवळा, नारिंगी आणि लाल या रंगांना आपल्याकडे ठरलेला अर्थ आला आहे. थंड माथा लाल रंगवला, तर सोसायटीत ‘रेड अलर्ट’ आला म्हणून निरोप फिरतील. करड्यापासून पांढऱ्यापर्यंतची साधी पट्टी ठेवावी, आणि फक्त उणे 60 अंशांखालचे माथे एका निळ्या छटेने दाखवावेत.

चित्र गुळगुळीत करण्याचा मोहही टाळावा. अवरक्त चित्राचा एक ठिपका सुमारे 4 किलोमीटरचा असतो, म्हणजे डेक्कनपासून कोथरूडपर्यंतचा पट्टा जवळपास एका चौकोनात मावतो. तो मऊ करून दाखवला की माणूस आपल्या गल्लीवरचा ढग शोधू लागतो. चौकोन उघडे दिसले तर तसा गैरसमज होत नाही. आणखी एक बारकावा सांगतो. उपग्रह विषुववृत्तावर असल्याने आपल्याकडे तिरका पाहतो, त्यामुळे 15 किलोमीटर उंच ढगाचा माथा नकाशावर सुमारे 6 किलोमीटर उत्तरेला सरकतो. स्वारगेटवरचा ढग शिवाजीनगर ओलांडून खडकीच्या अलीकडे दिसेल. नकाशावर जिल्ह्यांच्या सीमांऐवजी सह्याद्रीची धार आणि खडकवासला, पानशेत, मुळशी ही धरणे काढावीत. पुणेकर पावसाचा हिशेब त्यांवरूनच करतो.

प्रश्न : जानेवारीत पहाटे द्राक्षबागेत दाट धुके होते, पण रात्रीच्या चित्रात काहीच नव्हते. असे का? (एक वाचक, नारायणगाव)

उत्तर : धुके जमिनीला चिकटून असते, त्यामुळे त्याच्या माथ्याचे आणि जमिनीचे तापमान जवळपास सारखे असते आणि नेहमीच्या अवरक्त चित्रात ते मिसळून जाते. मात्र धुक्याचे बारीक थेंब सुमारे 3.9 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीला कमी उष्णता बाहेर टाकतात. त्या तरंगलांबीला मोजलेले तापमान 10.8 मायक्रॉनच्या आसपास मोजलेल्या तापमानातून वजा केले की धुके वेगळे उठून दिसते. ‘रात्रीचे धुके’ अशा नावाचे चित्र मिळाले तर पहाटे चार-साडेचारला तेच पाहावे. सूर्य उगवल्यावर ही वजाबाकी बिघडते, कारण 3.9 मायक्रॉनच्या मोजणीत सूर्यप्रकाशही मिसळतो. तेव्हा साधे दृश्य चित्र उघडावे, त्यात नदीकाठचे धुके पांढऱ्या पट्ट्यासारखे दिसते. केवडा या द्राक्षरोगावरील फवारणीचा निर्णय मात्र पानांवर ओल किती तास टिकली यावरच घ्यावा.