वाचकांचे प्रश्न : भाऊसाहेब बांदोडकर, जनमत कौल आणि कूळ कायदा

प्रश्न : जानेवारीत जनमत कौलाचा विषय निघाला की आमच्या घरी दरवर्षी एकच वाद होतो. भाऊसाहेब बांदोडकरांनी विलीनीकरणासाठी मते मागितली आणि गोव्याने ती नाकारली. मग तीन महिन्यांच्या आत त्याच गोव्याने त्यांना पुन्हा मुख्यमंत्री कसे केले? लोकांचे मन इतक्या लवकर बदलले का?
– एक निवृत्त शिक्षक, पेडणे

उत्तर : लोकांचे मन बदलले असे मला वाटत नाही. बदलली ती मते मोजण्याची रीत. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदारांपुढे दोन चिन्हे होती : महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल आणि संघप्रदेश म्हणून वेगळे राहायचे असेल तर दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. या आकड्यांकडे पराभव म्हणून पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे आणि तो पराभव होताच; पण फुलाला पडलेली मते एकूण वैध मतांच्या साडेचव्वेचाळीस टक्के भरतात, हे सहसा कुणी सांगत नाही. एवढी मते ज्याच्या मागे ठामपणे उभी आहेत, असा नेता एका कौलात हरला म्हणून राजकारणातून उठत नाही.

कौलात सगळ्या गोव्याची मते एका राशीत ओतून मोजली गेली. दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात दोन पानांना मिळालेले प्रचंड मताधिक्य त्या राशीत पूर्ण कामी आले. २८ मार्च १९६७ च्या विधानसभा निवडणुकीत मात्र प्रत्येक मतदारसंघाचा हिशेब वेगळा होता. सासष्टीतला उमेदवार दहा मतांनी जिंकला काय आणि दहा हजारांनी जिंकला काय, जागा एकच मिळणार होती. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची, म्हणजे मगोची, आणि त्याच्या सिंहाच्या चिन्हाची पकड पक्की होती, आणि तिथल्या जागा मगोच्या पदरात पडल्या. तीस जागांच्या विधानसभेत मगोला १६ आणि डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या.

तरीही केवळ गणिताने सगळे उलगडत नाही. मगोला मत देणाऱ्या काही घरांतून कौलाच्या वेळी दोन पानांवरही शिक्के पडले असणार, असे माझे मत आहे. महाराष्ट्रातील दारूबंदीची धास्ती होती, नोकऱ्या बाहेरचे लोक नेतील ही भीती होती, आणि आपला गोवा एका मोठ्या राज्याचा एखादा जिल्हा होऊन जाईल ही खंत होती. मडगावहून निघणारे ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिकच विलीनीकरणाच्या विरोधात उभे होते आणि त्यातील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लोक आवडीने वाचत. म्हणजे मराठी वाचणारा तो विलीनीकरणवादी, हे समीकरण तेव्हाही खरे नव्हते. आपला नेता भाऊ, पण आपले राज्य वेगळे, असे एकाच माणसाच्या मनात असू शकते. त्यात मला कोणतीही विसंगती दिसत नाही.

आणखी एक गोष्ट या वादात आवर्जून सांगितली पाहिजे. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून मगोच्या सरकारने सत्ता सोडावी, अशी विरोधकांची मागणी होती. डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकरांनी राजीनामा दिला आणि गोव्यात राष्ट्रपती राजवट लागू झाली. ज्या प्रश्नासाठी पक्ष काढला, त्याच प्रश्नाच्या निकालापूर्वी त्यांनी खुर्ची रिकामी केली. कौलाचा निकाल विरुद्ध गेला, तेव्हा तो मानून ते निवडणुकीला सामोरे गेले आणि ५ एप्रिल १९६७ रोजी पुन्हा मुख्यमंत्री झाले. त्यांच्या विलीनीकरणाच्या भूमिकेशी ज्यांचे पटत नाही, त्यांनीही या वागण्याचे मोल मान्य करावे.

प्रश्न : माझे आजोबा एका भाटकाराचे (जमीनमालकाचे) कूळ होते. ‘भाऊंनी आम्हाला जमीन दिली’ असे ते शेवटपर्यंत म्हणत. वडील म्हणतात, जमीन शशिकलाताईंच्या काळात मिळाली. खरे कोणाचे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : कायद्याच्या दृष्टीने आपल्या वडिलांचे म्हणणे बरोबर आहे, पण आजोबाही चुकीचे बोलत नव्हते. बांदोडकर सरकारच्या काळात १९६४ चा कूळ कायदा झाला. त्याने कुळाला मालक केले नाही. त्याने कुळाला मनमानीने जमिनीवरून काढण्याला आळा घातला आणि भाटकाराला द्यायच्या खंडाला मर्यादा घातली. मालकीचा हक्क त्याच कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने आला. ती २० एप्रिल १९७६ पासून लागू झाली आणि तेव्हा मुख्यमंत्री होत्या त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर. भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणाऱ्या मुंडकारांना संरक्षण देणारा १९७५ चा कायदाही ताईंच्याच कारकिर्दीतला.

मग आजोबांना भाऊच का आठवत? आज उद्या कधीही ‘चालता हो’ असे ऐकावे लागेल या धास्तीत ज्याने शेत कसले, त्याच्या दृष्टीने ती धास्ती गेली तोच दिवस मोठा असतो. जमिनीच्या उताऱ्यावर नाव लागणे ही नंतरची गोष्ट.

शाळांचेही तसेच आहे. माझी पहिलीची शाळा देवळाच्या सभामंडपात भरत असे. एका कोपऱ्यात देवीची पालखी कापडाने झाकून ठेवलेली, आमच्या पाट्या खांबाला टेकवलेल्या, आणि सावंतवाडीकडून आलेले मास्तर दिंडीदरवाजात उभे राहून पावसात भिजत येणारी मुले मोजत. पोर्तुगीज अमदानीत मराठी शिकायचे तर गावाने वर्गणी काढून शिक्षक ठेवावा लागे. बांदोडकरांच्या काळात सरकारी मराठी प्राथमिक शाळा वाड्यावाड्यांपर्यंत गेल्या आणि ज्या घरांत आधी कुणाला अक्षर येत नव्हते, त्या बहुजन घरांतली मुले त्यांत बसली. माझी आई अंगठा उठवत असे. मी आज हे सदर लिहितो आहे. सिंहावर शिक्का मारणाऱ्या माणसाच्या मनात विलीनीकरणाइतकेच, कदाचित त्याहून अधिक, हे शेत आणि ही पाटी होती.

प्रश्न : १९६३ ची निवडणूक भाऊसाहेबांनी लढवलीच नव्हती, हे खरे का?
– एक विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर : खरे आहे. डिसेंबर १९६३ मधील पहिल्या निवडणुकीत पेडण्यात जन्मलेले हे खाणमालक उमेदवार नव्हते. मगोला १४ जागा मिळाल्या, प्रजा समाजवादी पक्षाच्या दोन सदस्यांची साथ मिळाली आणि २० डिसेंबर रोजी ते गोवा, दमण व दीवचे पहिले मुख्यमंत्री झाले. नंतर मडकईच्या पोटनिवडणुकीतून ते सभागृहात आले. १९७२ मध्ये मगोच्या जागा १८ झाल्या. १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. पणजीत मांडवीच्या काठाकाठाने मिरामारकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे आणि त्यांची समाधी मिरामारलाच आहे.