रानातले पक्षी खरंच माणसासारखे आवाज काढतात का, की फक्त पिंजऱ्यातले?

काढतात. पिंजरा लागत नाही आणि जीभ तर अजिबात खरवडावी लागत नाही. जिभेचं तुम्ही विचारलेलं नाही, पण त्याच्यावरून माझं नि दादाचं पंचवीस वर्षं वाजतंय म्हणून आधी तेच.

लहानपणी दादाने मैनेचं पिल्लू आणलं होतं. कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलेलं की जिभेवरचं कातडं काढलं की मैना बोलते. त्याने ब्लेडने काढलं, पिल्लू मी धरलं होतं. नंतर त्याला गिळताच येईना, चोच उघडी टाकून बसायचं, चौथ्या दिवशी गेलं. दादा आजही म्हणतो पद्धत बरोबर होती, हात चुकला. साफ चूक आहे. पक्ष्याचा आवाज जिभेतून निघतच नाही, तो खाली छातीत, श्वासनलिकेचे दोन फाटे होतात तिथल्या सिरिंक्समधून, म्हणजे पक्ष्याच्या स्वरयंत्रातून निघतो आणि गाणाऱ्या पक्ष्यांना त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाजवता येतात. पोपट जीभ हलवून आवाजाला आकार देतात हे खरं, पण मग जिभेला इजा करून तो चांगला कसा बोलेल?

आता रानातल्या पक्ष्याचं. आमच्या घरामागे दाट झाडी आहे, तिथे भृंगराज यायचा, तोच काळा कोतवालाचा भाऊबंद, शेपटीला दोन लांब तारा नि टोकाला पिसांचे चमचे. मी मोतीला, म्हणजे आमच्या कुत्र्याला, तीन सुरांची शिट्टी मारून बोलवतो. एका सकाळी मी आत दाढी करतोय आणि बाहेर माझी शिट्टी वाजली. मोती धावत गेला, झाडाखाली उभा राहून वर बघत शेपटी हलवत राहिला. परत शिट्टी, परत तो गोल फिरला. आठवडाभर हेच. दादा म्हणाला तुला भास होतो, त्या पक्ष्याची मूळ हाकच तशी असेल. पण माझा पुढचा दात अर्धा तुटलाय त्यामुळे तिसऱ्या सुरानंतर हवा फस्स करून सुटते, आणि तो पक्षी ते फस्ससुद्धा काढत होता! मूळ हाकेत तुटका दात कुठून येणार?

त्याला कोणी शिकवलं नव्हतं. भृंगराज असाही दुसऱ्या पक्ष्यांच्या हाका आणि धोक्याचे इशारे उचलतो, इतर पक्ष्यांच्या थव्याबरोबर फिरतो तेव्हा त्याला ते उपयोगी पडतं. आफ्रिकेत कलहारीच्या वाळवंटातला कोतवाल तर चक्क फसवतो, मीरकॅटला, म्हणजे मुंगसाच्या कुळातल्या छोट्या प्राण्याला, खाणं सापडलं की धोक्याची खोटी हाक देतो, ते पळाले की खाली येऊन उचलतो, आणि एका हाकेला ते दाद देईनासे झाले की दुसऱ्याच प्राण्याची हाक काढतो. युरोपातला मार्श वॉर्बलर नावाचा छोटा गाणारा पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेत जातो, त्याच्या एकेका नराच्या गाण्यात सरासरी ७६ जातींचे आवाज सापडलेत, निम्म्याहून जास्त आफ्रिकेतल्या पक्ष्यांचे.

माणसाच्या शब्दांचं विचाराल तर सिडनीत पिंजऱ्यातून सुटलेले काकाटू, म्हणजे काकाकुवा, रानटी थव्यात मिसळले आणि थव्यातले बाकीचे त्यांच्याकडून शब्द शिकले असं तिथल्या म्युझियमच्या लोकांनी सांगितलंय.

हां, पण रानातल्या पक्ष्याने स्वच्छ शब्द बोलणं दुर्मिळच. ऑस्ट्रेलियाच्या लायरबर्ड या नकलाकार पक्ष्याचे कॅमेऱ्याचे नि करवतीचे आवाज काढणारे व्हिडिओ फिरतात त्यातले बरेच पक्षी प्राणिसंग्रहालयातले आहेत, रानात तो मुख्यतः दुसऱ्या पक्ष्यांचीच नक्कल करतो. पहाडी मैना माणसात वाढली तर अगदी आपल्यासारखी स्पष्ट बोलते, पण रानात ती शेजारच्या मैनांच्याच हाका शिकते. म्हणून बोलकी मैना हवी म्हणून कोणी घरट्यातनं पिल्लू काढत असेल तर त्याला अडवा, तिथेच अडवा, मी अडवलं नाही.

तुमच्याकडे असा आवाज आला तर आधी मोबाईलवर रेकॉर्ड करा, मी केलं नाही म्हणून दादा अजून मानत नाही. आणि मूळ आवाजात काही खोट असेल, बिजागरीची कुरकूर, हॉर्नचा घोगरेपणा, तर नकलेत तीच खोट आहे का ते ऐका.